सांगेल त्याची घोडी बंद

मागच्या उन्हाळ्यात, लग्नसराई ऐन भरात असताना, आमच्या गावापासून आठ-नऊ किलोमीटरवरचा एक घोडीवाला स्वतःच्या पायानं गुरांच्या दवाखान्यात गेला. घोडीच्या नाकातून पिवळं येतंय, जबड्याखाली गाठ आलीय, दोन दिवस झाले चंदीला तोंड लावत नाही, असं त्यानं सांगितलं. कोणी सक्ती केली नव्हती. भाच्यानं मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ दाखवला आणि याच्या मनात पाल चुकचुकली, एवढंच. पुढं त्याचं जे झालं ते आमच्या पट्ट्यातल्या सगळ्या घोडेवाल्यांनी डोळ्यांनी पाहिलं आणि सगळ्यांनी त्यातून एकच धडा घेतला: नाक गळो की गाठ फुटो, डॉक्टरला सांगायचं नाही.

झालं ते असं. डॉक्टर आले. हातात मोजे, तोंडाला मास्क, पायांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधलेल्या. घोडीच्या मानेतल्या शिरेतून रक्त काढलं, नळी बर्फाच्या डब्यात ठेवली आणि जाताना एक शब्द उच्चारला, ग्लँडर्स, म्हणजे घोड्यांचा, क्वचित माणसालाही होणारा जीवघेणा रोग. नुसता संशय म्हणून. निकाल येईपर्यंत घोडी खुंट्यावरून हलवायची नाही, असं बजावलं. यात खोट काढण्यासारखं काही नाही, नियम तसाच आहे आणि तसाच असायला हवा. पण निकाल यायला १७ दिवस लागले. त्या १७ दिवसांत सहा वराती हातच्या गेल्या. घेतलेला इसार परत करायची वेळ आली, तर त्यातला अर्धा आधीच कुटार-हरभऱ्यात गेलेला. शेजाऱ्यांनी हापशीवर त्याची बादली लावू दिली नाही. किराणा दुकानदार पैसे हातात न घेता ‘तिथं ठेवा’ म्हणू लागला. आणि निकाल काय आला? ग्लँडर्स नाही. तोवर गाठ फुटून पू वाहून गेला होता आणि घोडी खायला लागली होती. डॉक्टरांच्या मते तो स्ट्रँगल्स होता. घोड्यांचा घसा धरणारा हा जिवाणूचा आजार पसरतो झपाट्यानं, पण बहुतेक जनावरं त्यातून उठतात. घोडी वाचली, धंद्याचं वर्ष बुडालं.

“सांगून काय भेटलं जी मले?” मृगाच्या सुमारास गाठ पडली तेव्हा तो म्हणाला. “घोडी त बरी झाली असती. मीच सांगून बिमार केली तिले.”

त्याच पावसाळ्यात पलीकडच्या एका गावात दुसऱ्याच्या घोडीचं नाक असंच सुटलं. यानं मेडिकलमधून सुया आणल्या, चार दिवस टोचल्या, ओव्याची धुरी दिली आणि एका रात्री घोडी छोटा हत्तीत चढवून जिल्ह्याबाहेर विकून आला. तिला काय झालं होतं ते कोणालाच कळलं नाही. विकणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला नाही, आणि ज्या तबेल्यात ती जाऊन उभी राहिली तिथल्या बाकीच्या घोड्यांना तर नाहीच.

या दोघांतला एक प्रामाणिक आणि दुसरा लबाड, असं म्हणून हात झटकता येतात. पेपरवाले तसंच लिहितील, ‘पशुपालकांमध्ये जनजागृतीची गरज’. मला हे वाक्य वाचलं की चीड येते. दुसऱ्याची जागृती पुरेपूर झालेली होती. त्यानं पहिल्याचा जमाखर्च पाहिला आणि आपला मांडला. घोड्यांच्या साथीबद्दल माझं म्हणणं इथूनच सुरू होतं: जोवर खबर देणाऱ्याचा तोटा लपवणाऱ्यापेक्षा मोठा आहे, तोवर कायदे कितीही करा, रोगाची पहिली बातमी सरकारला सगळ्यात शेवटी कळणार. सांगणं परवडलं पाहिजे.

आणि लपवणं का परवडत नाही, तेही बघू. ग्लँडर्स हा बुर्खोल्डेरिया मॅलेई नावाच्या जिवाणूचा रोग. घोडे, गाढवं आणि खेचरं हे त्याचं मूळ घर. गाढव-खेचरांत तो बहुधा तडकाफडकी येतो: ताप, धाप, आणि थोड्याच दिवसांत जनावर आडवं. घोड्यात मात्र चिवट. नाकपुडीतून चिकट, पिवळा-हिरवट स्राव, नाकातल्या पडद्यावर व्रण, पायाच्या आतल्या अंगानं दोरीला गाठी मारत जावं तशा ओळीनं येणाऱ्या गाठी, आणि त्या फुटल्या की मधासारखा दाट पू. हे सगळं एकदम दिसत नाही. महिने जातात. कित्येक घोडे तर वरून धडधाकट दिसतात, वरातीत नाचतात, आणि आत रोग घेऊन फिरतात. याच्यावर लस नाही. जनावरावर उपचार करायला परवानगी नाही, कारण औषधानं लक्षणं दबतात आणि जिवाणू आत शाबूत राहतो. मेडिकलमधल्या त्या चार सुया म्हणूनच औषध नसून बुरखा असतात. चाचणीत रोग पक्का ठरला की जनावराला वेदना न देता मारायचं, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचं किंवा जाळायचं, एवढाच मार्ग. माणसाला हा रोग क्वचित होतो, पण होतो, आणि झाला तर जिवावर बेतू शकतो. होतो तो बहुधा जनावराच्या तोंडाशी राहणाऱ्याला: खरारा करणाऱ्याला, नाक पुसणाऱ्याला, रक्त काढणाऱ्याला.

आमच्याकडे तो कसा पसरेल हे समजून घ्यायचं असेल तर तोबरा बघा. वरातीच्या रात्री मंगल कार्यालयाबाहेर दोन-तीन घोड्या उभ्या असतात. नवरदेवाचा फेटा बांधून व्हायचाय, डीजेवाल्याचं जनरेटर चालू होईना. तेवढ्यात एक पोरगं तोबरा घेऊन येतं, आत भिजवलेला हरभरा. पहिली घोडी तोंड खुपसून खाते, मान वर करून फुरफुरते. तोबऱ्याच्या काठाला लाळ आणि शेंबडाची तार लोंबते. पोरगं काठ आपल्या पँटीला पुसतं आणि तोच तोबरा दुसरीच्या तोंडाला बांधतं. त्यात कोणाला काही गैर वाटत नाही. एके काळी ते पोरगं मीच होतो. आमच्या घरी टांगा होता, स्टँडवर आठ-दहा टांगे लागायचे, आणि सगळ्यांची घोडी सिमेंटच्या एकाच हौदावर पाणी प्यायची. हौदाच्या काठावर शेवाळाचा हिरवा पट्टा असायचा, त्याच्या खाली घोड्यांच्या ओठांनी घासून गुळगुळीत झालेली जागा. जिवाणूला अशीच जागा आवडते, ओलसर आणि सावलीची. कडक उन्हात तो फार टिकत नाही. म्हणजे विदर्भाचं ऊन आपल्या बाजूनं आहे, पण आपण घोडी नेमकी सावलीत दाटीनं बांधतो.

घोडेवाला म्हणजे फक्त वरातीचा घोडेवाला, असंही नाही. बिऱ्हाड तट्टावर लादून मेंढरांमागं फिरणारे धनगर याच रस्त्यांनी जातात. वीटभट्ट्यांवर गाढवं आहेत, नदीकाठच्या रेतीवर गाढवं आहेत. नवरदेवाच्या घोडीला निदान झूल असते आणि तिचा फोटो कोणाच्या तरी अल्बममध्ये असतो. भट्टीवरचं गाढव मेलं तर संध्याकाळपर्यंत नाल्यात ओढून टाकलेलं असतं. आणि हा रोग सगळ्यात वेगानं गाढवालाच नेतो. साथीची पहिली घंटा तिथं वाजत असणार, फक्त ती ऐकायला तिथं कोणी नाही.

कागदावर मात्र आपण मागे नाही. १८९९ मध्ये इंग्रजांनी या रोगासाठी स्वतंत्र कायदा केला होता. फौज आणि टपाल घोड्यावर चालायचं, तेव्हा घोड्याचं नाक गळणं हा राज्याच्या संरक्षणाचा प्रश्न होता. तो कायदा प्राण्यांच्या सांसर्गिक रोगांविषयीच्या २००९ च्या केंद्रीय कायद्यानं रद्द केला. नव्या कायद्यानं मालकावर जबाबदारी टाकली: जनावराला यादीतला रोग झाल्याचा संशय आला तर गावच्या अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला कळवायचं. त्याआधी, २००६ मध्ये, बऱ्याच वर्षांच्या शांततेनंतर ग्लँडर्सनं देशात पुन्हा डोकं वर काढलं तेही महाराष्ट्रातच, आणि मग तो उत्तरेकडच्या राज्यांत दिसत राहिला. २०१९ मध्ये केंद्रानं राष्ट्रीय कृती आराखडा काढला. कोणी रक्त घ्यायचं, कुठं पाठवायचं, किती परिसरात ये-जा थांबवायची, सगळं त्यात आहे. ते बनवणाऱ्यांना रोग कळतो याबद्दल मला शंका नाही. मला शंका आहे ती त्यांना घोडेवाला कळतो का, याची.

कारण आता पैशाचं बघा. ग्लँडर्स ठरून मारलेल्या घोड्यामागं २५ हजार आणि गाढवामागं १६ हजार, अशी भरपाई ठरलेली आहे. आमच्याकडे नाचायला शिकलेली पांढरी घोडी लाखाच्या आत कोणी दाखवतही नाही. ती घ्यायला बायकोच्या अंगावरचं सोनं गहाण पडलेलं असतं किंवा गावातल्या कोणाचे तरी व्याजाचे पैसे लागलेले असतात. घोडी खड्ड्यात गेली तरी व्याज चालूच राहतं. अशा माणसाला आपण म्हणतो, ‘बाबा, कायद्यानं तुझं कर्तव्य आहे, सांग.’ तो सांगत नाही, तर आपण त्याला अडाणी ठरवतो.

त्यातही ही भरपाई रोग ठरला तर. संशयावरून घोडी बांधून ठेवली आणि रोग निघाला नाही, तर त्या बंदीच्या दिवसांचा एक रुपया कोणी देत नाही. ज्याचं मी सुरुवातीला सांगितलं त्याचं नेमकं हेच झालं. म्हणजे घोडी खरोखर रोगी निघाली असती तर त्याला थोडं तरी मिळालं असतं, निरोगी निघाली म्हणून काहीच नाही. असा उफराटा हिशेब जिथं असतो तिथं माणसं खोटं बोलायला शिकतात. माझी पहिली मागणी म्हणूनच मेलेल्या घोडीच्या भरपाईची नाही, जिवंत घोडीच्या बंदीची आहे. ती घोडी खुंट्याला बांधून राहते ती कोणासाठी? शेजारच्या तालुक्यातल्या शंभर घोड्यांसाठी, मेळ्यात घोड्यावर बसणाऱ्या पोरांसाठी, तुमच्या-आमच्यासाठी. सगळ्यांच्या रक्षणाचा खर्च एकट्या घोडीवाल्यानं सोसायचा, हे कुठलं न्यायाचं गणित? रोजच्या चारा-चंदीचा खर्च आणि बुडालेल्या रोजीतला काही वाटा, एवढं रोजच्या रोज त्याच्या खात्यावर पडलं पाहिजे. तेही निकाल आल्यावर प्रस्ताव करून नाही, बंदीच्या पहिल्या दिवसापासून.

‘सरकार एवढं कुठून देणार?’ हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. २०१९ च्या पशुगणनेत देशभरात घोडे आणि तट्टू मिळून साधारण ३ लाख ४० हजार भरले. २०१२ मध्ये ते सव्वासहा लाख होते. सात वर्षांत जवळजवळ निम्मे संपले. गाढवं तर साठ टक्क्यांहून जास्त घटून १ लाख २० हजारांवर आली. घोडा संपत चाललाय ही दुःखाची गोष्ट आहे, पण हिशेबाच्या बाजूनं पाहिलं तर नीट भरपाई देणं त्यामुळंच स्वस्त झालंय. गाई-म्हशींच्या कोटींच्या संख्येपुढं ही मूठभर जनावरं. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा याच सरकारनं हात आखडता घेतला नव्हता. बैलबाजार बंद केले, शेळ्यांच्या देवीची लस गावोगाव फुकट टोचली, दगावलेल्या गाईमागं ३० हजार, बैलामागं २५ हजार, वासरामागं १६ हजार दिले. ते पैसेही जनावराच्या किमतीइतके नव्हतेच, पण खेड्यापाड्यात एक गोष्ट पोचली: सांगितलं तर काहीतरी मिळतं. लोक आपणहून फोन करत होते. माणसं तीच, दवाखाने तेच, डॉक्टरही तेच. गाय दुधाची आहे, बैलाला पोळा आहे आणि दोघांच्या मागं मतं आहेत. घोडी नवरदेवापुरती.

घोड्यांसाठी काही होतच नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. जुलै २०२५ मध्ये मेरठच्या लष्करी छावणीतल्या रिमाउंट व्हेटरनरी कोअरच्या, म्हणजे सैन्याच्या पशुवैद्यक दलाच्या, केंद्राला जागतिक पशुआरोग्य संघटनेनं रोगमुक्त घोड्यांचं क्षेत्र म्हणून मान्यता दिली. इन्फ्लुएन्झा, सर्रा, पायरोप्लाझ्मोसिस, इन्फेक्शियस अ‍ॅनिमिया आणि ग्लँडर्स, यांतलं तिथं काही नाही, असं आता जगाला मान्य आहे. यामुळं आपले स्पर्धेचे घोडे परदेशात जाऊ शकतील. चांगलंच झालं, त्यामागची शिस्त मोठी आहे. फक्त एवढंच लक्षात राहू दे, की भिंतीच्या आत रोग नाही याचा पुरावा जमवणं ही एक गोष्ट झाली आणि भिंतीबाहेर तो कुठं आहे हे शोधणं ही दुसरी. दुसरीसाठी वीटभट्टीवर जावं लागतं.

आणि वेळेवर नाही शोधलं तर काय होतं, ते मे २०२५ मध्ये केदारनाथच्या वाटेवर दिसलं. यात्रा सुरू झाल्याबरोबर खेचरं पटापट मेली आणि सरकारला त्यांची ये-जा थांबवावी लागली. तिथं देव होता, यात्रेकरू होते, कॅमेरे होते, म्हणून तज्ज्ञांची पथकं लगोलग डोंगर चढली. आमच्या विदर्भातल्या दिग्रस-दारव्ह्याच्या रस्त्यावर एखादी घोडी मेली तर कोण येणार?

आता निकालाच्या १७ दिवसांकडे. घोड्यांवरची देशाची मुख्य संस्था, राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र, हरियाणात हिसारला आहे. ग्लँडर्स ओळखायची आजची एलायझा चाचणी याच केंद्रानं बसवली, आणि ती राज्यांच्या प्रयोगशाळांत करता यावी हा तिचा हेतूच आहे. शेवटचा शिक्का हिसारचा असू द्या, त्याला माझी हरकत नाही. एका निकालावर कोणाची घोडी मारायची तर तो निकाल दोनदा पारखलेलाच हवा. पण पहिली चाळणी इथंच झाली पाहिजे. नागपूरला महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ २००० सालापासून उभं आहे, अकोल्याला पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था आहे. विदर्भातल्या घोडीचं रक्त विदर्भातच तपासून ‘नाही’ हे उत्तर तीन-चार दिवसांत मिळालं, तर बहुतेक संशय तिथंच मिटतील आणि फक्त शंकेचे नमुने हजार किलोमीटरवर जातील. मुख्य म्हणजे रक्त काढतानाच मालकाच्या हातात एक कागद पडावा: नमुना कोणत्या तारखेला घेतला, कुठं गेला, निकाल कधीपर्यंत येईल. ज्याचं मी सांगतोय तो घोडीवाला त्या १७ दिवसांत पाच वेळा दवाखान्यात जाऊन आला. प्रत्येक वेळी ‘अजून आलं नाही’ एवढंच उत्तर. डॉक्टरांचाही दोष नसेल. त्यांच्याकडे एका माणसानं बघायची तीस-चाळीस गावं असतात आणि घोडा त्यांच्या हाताखालून वर्षाकाठी दोन-चारदा जातो. पण वाट बघणाऱ्याला डॉक्टरची अडचण दिसत नाही, बंद घोडी दिसते.

कागदाचा दुसरा घोळ जास्त चमत्कारिक आहे. शेताला सातबारा असतो, गाईच्या कानात बिल्ला आला, घोडीला काय? घोडी विकत घेताना रुमालाखाली बोटं दाबून सौदा होतो, मधला दलाल आपली दलाली घेतो आणि लगाम या हातातून त्या हातात जातो. कुठं लिहून ठेवलेलं नसतं. उद्या भरपाई द्यायचीच म्हटलं तर ‘ही घोडी तुझी कशावरून’ या प्रश्नाला उत्तर काय? गावच्या माणसाला पंचनाम्यात पाच सह्या तरी मिळतील. पालावर राहणाऱ्या धनगराला आणि भट्टीवर पोट भरणाऱ्या बेलदाराला कोण सही देणार? म्हणून नोंदणी हवी: मानेत चिप, दोन्ही अंगांचे फोटो, मालकाचं नाव, आणि पालावरच्या माणसासाठी तो जिथं तळ देईल तिथं नोंद. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाच्या गाड्या आहेत, १९६२ हा फुकटचा नंबर आहे. गाडी गाईला बघायला गावात येतेच, वीटभट्टीवरून वळून गेली तर डिझेल किती जास्त जळेल?

नोंदणीचा आणखी एक फायदा आहे, आणि तो मला टाळता येणार नाही, कारण माझ्या म्हणण्यावरचा खरा आक्षेप तिथंच आहे. भरपाई वाढवली तर लोक मुद्दाम मरतुकडी, रोगी जनावरं स्वस्तात आणून सरकारच्या गळ्यात मारतील. मारतील. मी याच लोकांत वाढलो, मला काही भाबडेपणा परवडत नाही. पण जनावर तीन-चार महिने आधी त्याच मालकाच्या नावावर नोंदलेलं असेल तरच वाढीव रक्कम, आणि ती पंचांसमोर ठरलेल्या किमतीच्या अमुक हिश्श्याहून कधीच जास्त नाही, असं केलं तर हा धंदा बसत नाही. भरपाई पूर्ण किमतीएवढी नसावीच. थोडा तोटा मालकाचा राहिला पाहिजे, म्हणजे तो जनावर निवडताना डोळे उघडे ठेवील. आज सगळाच तोटा त्याचा आहे, म्हणून तो खबर देताना डोळे मिटतो.

डोळे उघडे ठेवण्याबद्दल आमच्या घोडेवाल्यांनाही चार शब्द सुनवायला हवेत. घोडी घेताना आम्ही काय बघतो? दात बघतो. भोवरे बघतो, कुठं खोड आहे, गळ्यावर देवमण आहे का. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत किंवा माळेगावला खंडोबाच्या बाजारात मी माणसांना एका भोवऱ्यावरून दहा-दहा हजार वर-खाली करताना पाहिलंय. रक्ताचा रिपोर्ट मागितलेला मात्र एकही माणूस मला भेटला नाही. मागितला तर विकणारा हसेल. जी घोडी लाखाला घेतो, तिच्या पोटात-छातीत काय आहे हे न विचारता घेतो आणि आणल्याबरोबर थेट जुन्या घोडीच्या शेजारी दावणीला बांधतो. तीन आठवडे वेगळी बांधा म्हटलं की जागा नाही, हे उत्तर तयार. जागा असते. नवं टेंपोचं शेड घालायला असते. यात्रांच्या आयोजकांनीही ही गोष्ट अंगावर घ्यायला हवी. तपासणीचं प्रमाणपत्र नसलेलं जनावर बाजारात उतरू द्यायचं नाही आणि प्रवेशद्वारापाशीच डॉक्टर बसवायचा. वर्ष-दोन वर्षं ओरड होईल, मग घेणारेच कागद मागायला लागतील, कारण कागद असलेल्या घोडीला भाव जास्त येईल. भोवऱ्याला येतो, तर कागदाला का येऊ नये?

तोबऱ्याला तर सरकारही लागत नाही. ज्याचा त्याचा तोबरा, ज्याची त्याची बादली, ब्लिचिंगच्या पाण्यानं खळबळून उन्हात वाळत टाकलेली. वरातीला दुसऱ्याच्या घोडीशेजारी उभं राहायचं तर दोन हात अंतर. लगामाची कडी उसनी द्यायची नाही. हे बोललो की लोक मान डोलावतात आणि रात्री तोच तोबरा फिरतो.

गावानं काय करायचं, याबद्दल मला फारसं बोलता येत नाही, कारण त्या किराणा दुकानदारात आणि हापशीवरच्या बायकांत माझीही माणसं होती. भीती खोटी नव्हती, रोग माणसाला होतो हे त्यांनी ऐकलेलं होतं. पण ग्लँडर्स काही वाऱ्यानं गल्लीभर पसरत नाही. तो जवळच्या स्पर्शानं, नाका-तोंडाच्या स्रावानं, जखमेवाटे शिरतो. घोडीच्या खुंट्यापाशी जायचं नाही, एवढं पुरे होतं. घोडीवाल्याच्या पैशांना हात न लावणं म्हणजे रोगापासूनचं रक्षण नव्हे, ती त्याला दिलेली शिक्षा होती. ग्रामसभेत डॉक्टरांनी पाच मिनिटं उभं राहून एवढंच सांगितलं असतं तर त्याची बादली हापशीवर लागली असती. कोणी सांगितलं नाही. मीही उठून बोललो नाही.

यंदाच्या लग्नसराईसाठी त्यानं पुन्हा इसार घेतलेत, मागच्यापेक्षा कमी. खुंट्याशेजारी आता दोन तोबरे टांगलेले असतात, एकाला लाल सूत, एकाला निळं. परवा रात्री साडेदहाला त्याचा फोन आला. घोडी दोनदा शिंकली म्हणे. कुटार झटकलं होतं का, मी विचारलं. हो, दुपारीच नवं पोतं सोडलं होतं. मग धुळीनं असेल, सकाळी बघू, मी म्हणालो. फोन ठेवायच्या आधी तो जरा थांबला.

“कोणाले सांगू नोको पण, भाऊ.”